राजकारणातील अंतकाळाची भाषा कशी वाचावी

१४ मे २०१८ रोजी अमेरिकेने इस्रायलमधील आपला दूतावास तेल अवीवहून जेरुसलेमला हलवला. त्या सरकारी समारंभाच्या आरंभी डॅलसचे धर्मोपदेशक रॉबर्ट जेफ्रेस यांनी प्रार्थना केली आणि अखेरची प्रार्थना सॅन अँटोनियोचे जॉन हेगी यांनी केली. त्याच दिवशी गाझाच्या सीमेवर इस्रायली सैन्याच्या गोळीबारात सुमारे ६० पॅलेस्टिनी मारले गेले. परराष्ट्र धोरणाच्या कार्यक्रमात टेक्सासच्या उपदेशकांचे काय काम होते, हा प्रश्न त्या वेळी अनेक मराठी वाचकांना पडला असेल. त्याचे उत्तर शोधताना वाचक सहसा दोहोंपैकी एका टोकाला जातो. एक तर धर्म हा मते मिळवण्यासाठी घातलेला मुखवटा आहे असे म्हणून तो विषय सोडून देतो, नाही तर अमेरिकेचे सगळे धोरण बायबलमधील भविष्यवाण्यांवरच चालते असे मानू लागतो. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि दोन्हींमुळे माणसांच्या जिवाशी निगडित असलेल्या गोष्टी आपल्या नजरेतून सुटतात. राजकारणात अंतकाळाची, म्हणजे जगाच्या शेवटाविषयीच्या श्रद्धेची, भाषा येते अशा बातम्या वाचण्याची जी रीत मला उपयोगी वाटते, ती येथे मांडत आहे. उदाहरणे मुख्यतः अमेरिकेतील प्रोटेस्टंट परंपरेची आहेत, कारण श्रद्धेपासून धोरणापर्यंतचा प्रवास तेथे कागदोपत्री नीट तपासता येतो.

मूळ वचने आधी वाचा

पहिले काम साधे आहे, पण ते फार थोडे लोक करतात. मराठी बायबल हाताशी ठेवावे आणि चार-पाच उतारे स्वतः वाचावेत : दानीएलाचा सातवा ते बारावा अध्याय, यहेज्केलाचे ३८ आणि ३९ हे अध्याय, मत्तयाचा २४वा अध्याय, थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील चौथा अध्याय आणि प्रकटीकरणाचे सहा, सोळा व वीस हे अध्याय. गोग आणि मागोग, सात शिक्के, हर्मगिदोन, हजार वर्षांचे राज्य हे शब्द भाषणात आले की ते कोठून आले हे मग लगेच कळते. आणखी एक गोष्ट लक्षात येते. ज्या मत्तयाच्या अध्यायातून अंतकाळाची चिन्हे काढली जातात, त्याच अध्यायात तो दिवस आणि ती घटका पित्याशिवाय कोणालाही ठाऊक नाही असेही स्पष्ट सांगितले आहे. म्हणून तारीख सांगणाऱ्या उपदेशकाला सर्वांत कडवा विरोध बहुधा ख्रिस्ती समाजातूनच होतो, आणि ‘ख्रिस्ती लोक असे मानतात’ हे वाक्य जवळजवळ कधीच बरोबर नसते.

हे उतारे एका सलग कालपटात बसवण्याचे काम एकोणिसाव्या शतकात झाले. जॉन नेल्सन डार्बी या आयर्लंडमध्ये धर्मसेवा केलेल्या उपदेशकाने १८३०च्या दशकापासून जी मांडणी केली, तिचा क्रम साधारण असा आहे : खरे विश्वासणारे अचानक वर उचलले जातील, मग महासंकटाचा काळ येईल, ख्रिस्तविरोधकाची सत्ता येईल, हर्मगिदोनची लढाई होईल, ख्रिस्त परत येईल आणि त्यानंतर हजार वर्षांचे राज्य सुरू होईल. या क्रमात यहुदी लोकांचे त्यांच्या प्राचीन भूमीत परतणे अत्यंत महत्त्वाचे आहे. १९०९ साली स्कोफील्ड यांच्या टीपांसह बायबल प्रसिद्ध झाले आणि हा कालपट अमेरिकेतील असंख्य घरांत पोहोचला. वचन आणि टीप एकाच पानावर छापलेली असल्यामुळे अनेक वाचकांच्या मनात दोहोंमधील सीमारेषा पुसट झाली असावी, असे मला वाटते.

हजार वर्षे आधी की नंतर?

कोणत्याही गटाविषयी वाचताना हा प्रश्न अवश्य विचारावा, कारण राजकीय परिणामाचे मूळ बहुतेक वेळा येथे असते. ख्रिस्त आधी येईल आणि मग हजार वर्षांचे राज्य स्थापन होईल असे मानणाऱ्याच्या दृष्टीने हे जग उत्तरोत्तर बिघडतच जाणार असते. एकोणिसाव्या शतकातील प्रसिद्ध उपदेशक ड्वाइट मूडी म्हणत की हे जग म्हणजे फुटलेले जहाज आहे आणि देवाने आपल्या हाती एक जीवरक्षक होडी देऊन जितके वाचवता येतील तितके वाचव असे सांगितले आहे. याउलट आधी माणसांच्या हातून पृथ्वीवर सुराज्य घडेल आणि त्यानंतर ख्रिस्त येईल, असे मानणाऱ्याला जहाज दुरुस्त करण्याची घाई असते. अमेरिकेतील गुलामगिरीविरोधी, दारूबंदीच्या आणि शिक्षणप्रसाराच्या चळवळींमध्ये या दुसऱ्या आशेचा मोठा वाटा होता.

ही दुसरी आशा आपल्याकडेही येऊन पोहोचली होती, आणि मराठी वाचकाने हे विसरू नये असे मला मनापासून वाटते. १८१३ साली मुंबईत उतरलेले अमेरिकन मिशनरी ज्या धार्मिक वातावरणात घडले होते, ते हजार वर्षांचे राज्य जवळ येत आहे आणि त्याची तयारी आपण करायची आहे, या भावनेने भारलेले होते. त्याच मिशनच्या मिस सिंथिया फरार यांनी आधी मुंबईत आणि मग अहमदनगरला मुलींच्या शिक्षणाचे काम केले. त्यांची अहमदनगरची शाळा पाहून जोतिराव फुले यांनी प्रेरणा घेतली आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. जोतिरावांचा विचार मिशनऱ्यांच्या धर्मशास्त्रातून आला असे म्हणणे साफ चूक ठरेल. तो त्यांचा स्वतःचा आणि येथल्या जातिव्यवस्थेच्या अनुभवातून आलेला होता. परंतु ज्या शाळेकडे त्यांनी पाहिले, तिच्या पायाशी जगाच्या शेवटाविषयीची एक आशाही होती, हे खरेच आहे. अंतकाळाची श्रद्धा म्हणजे नेहमी युद्धाची श्रद्धा, असे समीकरण कोणी मांडले तर एवढे एक उदाहरण पुरेसे आहे.

अवतरण मुळापर्यंत तपासा

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या मंत्रिमंडळातील अंतर्गत खात्याचे मंत्री जेम्स वॉट हे श्रद्धाळू ख्रिस्ती होते. राष्ट्रीय उद्याने, खाणी आणि सरकारी जमिनी त्यांच्या अखत्यारीत होत्या. फेब्रुवारी १९८१मध्ये काँग्रेसच्या समितीपुढे त्यांना भावी पिढ्यांसाठी साधनसंपत्ती राखण्याविषयी विचारले गेले, तेव्हा प्रभू परत येण्यापूर्वी आणखी किती पिढ्या येतील हे आपल्याला ठाऊक नाही, असे ते म्हणाले. टीकाकारांनी एवढेच वाक्य उचलले. त्याच उत्तरात, काहीही असले तरी भावी पिढ्यांना लागणारी साधने उरतील अशा कौशल्याने आपल्याला कारभार केला पाहिजे, असेही ते म्हणाले होते. तो भाग गळून गेला. पुढे तर शेवटचे झाड तोडले की ख्रिस्त परत येईल, असे एक वाक्य त्यांच्या नावावर फिरू लागले. ते त्यांनी म्हटल्याचा काहीही पुरावा नव्हता. २००४ साली एका नामवंत पत्रकाराने ते आपल्या भाषणात वापरले आणि नंतर वॉट यांची क्षमा मागितली.

वॉट यांच्या धोरणांवर टीका करण्यासारखे पुष्कळ होते, आणि म्हणूनच हे उदाहरण मला महत्त्वाचे वाटते. खोट्या अवतरणामुळे खरी टीका दुबळी होते. कोणाच्याही तोंडचे धक्कादायक धार्मिक वाक्य वाचले, की ते कोठे, कोणापुढे, कोणत्या प्रश्नाच्या उत्तरात उच्चारले गेले आणि त्याच्या पुढचे वाक्य काय होते, एवढे कळेपर्यंत ते पुढे पाठवू नये.

श्रद्धा कोणाची, कृती कोणाची?

एखाद्या निर्णयामागे अंतकाळाची श्रद्धा आहे असे वाटले, तर कागदाचे तीन रकाने करावेत. पहिल्यात मागणी करणारे, दुसऱ्यात तिला पाठिंबा देणारे आणि तिसऱ्यात निर्णय घेणारे लिहावेत. १८९१ साली अमेरिकन धर्मप्रचारक विल्यम ब्लॅकस्टोन यांनी राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांना एक निवेदन दिले आणि रशियात छळ सोसणाऱ्या यहुद्यांना पॅलेस्टाइन मिळवून देण्यासाठी प्रयत्न करण्याची विनंती केली. यहुदी राष्ट्राच्या चळवळीचे प्रणेते हर्झल यांचे त्या राष्ट्राविषयीचे पुस्तक यानंतर पाच वर्षांनी आले. ब्लॅकस्टोन स्वतः ख्रिस्ताच्या येण्याची वाट पाहणारे होते. मात्र निवेदनावर सह्या करणाऱ्या ४१३ जणांत जॉन रॉकफेलर, जे. पी. मॉर्गन आणि सरन्यायाधीश मेल्व्हिल फुलर होते. अशी सर्व माणसे प्रकटीकरणाचे कालपट मांडत बसत नव्हती. छळाच्या बातम्यांनी हेलावलेले, त्या निर्वासितांना अमेरिकेबाहेर जागा मिळाली तर बरे असे वाटणारे, आणि भविष्यवाणी पूर्ण होताना पाहू इच्छिणारे, असे वेगवेगळे लोक एका कागदावर सही करू शकतात.

आता तिसरा रकाना पाहू. रोनाल्ड रेगन यांना हर्मगिदोनविषयी कुतूहल होते आणि त्यांनी ते लपवले नाही. २१ ऑक्टोबर १९८४ रोजी निवडणुकीतील प्रतिस्पर्धी वॉल्टर माँडेल यांच्याशी झालेल्या जाहीर वादात त्यांना याविषयी थेट प्रश्न विचारला गेला. ती घटना हजार वर्षांनी घडेल की परवा, हे कोणालाच ठाऊक नाही आणि तिच्यानुसार योजना आखावी असे आपण कधीही म्हटलेले नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. त्या काळातील लोकप्रिय भविष्यवाणी-लेखक रशियाला यहेज्केलाचा गोग, म्हणजे अंतकाळी इस्राएलावर चालून येणारा शत्रू, ठरवत होते. त्याच रशियाच्या नेत्याबरोबर, गोर्बाचेव्ह यांच्याबरोबर, रेगन यांनी डिसेंबर १९८७मध्ये मध्यम पल्ल्याची अण्वस्त्रे नष्ट करण्याचा करार केला. मनात असलेली श्रद्धा आणि हातून झालेली कृती यांच्यात केवढे अंतर असू शकते, हे येथे दिसते.

डोनाल्ड ट्रम्प यांच्या बाबतीत रकाने वेगळ्या रीतीने भरावे लागतात. दूतावास हलवण्याचा कायदा काँग्रेसने १९९५ सालीच मोठ्या बहुमताने केला होता. त्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष दर सहा महिन्यांनी त्याची अंमलबजावणी पुढे ढकलत राहिले. ट्रम्प यांनी ती केली, आणि ऑगस्ट २०२०मध्ये विस्कॉन्सिनमधील सभेत हे इव्हँजेलिकल, म्हणजे बायबल व धर्मप्रसारावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट, लोकांसाठी केले असे उघडपणे सांगितले. त्यांची स्वतःची श्रद्धा काय आहे याचा येथे शोध घ्यावा लागत नाही. मतदारांची श्रद्धा पुरेशी असते. तीही एकसारखी नसते. हेगी यांनी २००६ साली इस्रायलच्या समर्थनासाठी स्थापन केलेल्या संघटनेच्या प्रचारात बायबलमधील उत्पत्ती या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायातील तिसरे वचन वारंवार येते : तुला आशीर्वाद देणाऱ्यांना मी आशीर्वाद देईन. या वचनात जगाचा शेवट कोठेही नाही. म्हणून इस्रायलचा प्रत्येक ख्रिस्ती समर्थक युद्धाची वाट पाहत आहे असे लिहिणे अन्यायाचे आहे. त्याचबरोबर हेही सांगितले पाहिजे की भूमीचे वाटप देवाने आधीच ठरवले आहे अशा ठाम समजुतीत त्या भूमीवर आज राहणाऱ्या पॅलेस्टिनी माणसाला, त्यातल्या ख्रिस्ती पॅलेस्टिनीलासुद्धा, जागा उरत नाही. मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे.

धोका केव्हा वाढतो?

बहुतेक श्रद्धाळू वाट पाहतात, प्रार्थना करतात आणि सकाळी कामाला जातात. जेव्हा भविष्यवाणी ठरावीक माणसाशी, ठरावीक जागेशी किंवा ठरावीक तारखेशी बांधली जाते, तेव्हा अधिक सावध व्हावे. २० नोव्हेंबर १९७९ रोजी, म्हणजे हिजरी १४०० या वर्षाच्या पहिल्या दिवशी, जुहैमान अल ओतैबी याच्या सशस्त्र गटाने आपल्यातील एकाला महदी, म्हणजे अंतकाळी येणारा तारणहार, म्हणून घोषित करून मक्केची मोठी मशीद ताब्यात घेतली. माणूस, जागा आणि तारीख या तिन्ही गोष्टी तेथे एकत्र आल्या होत्या.

अशा वेळी सरकारने ती भाषा समजून घेतली नाही तर काय होते, हे टेक्सासमधील वेको येथे दिसले. २८ फेब्रुवारी १९९३ रोजी डेव्हिड कोरेश यांच्या पंथाच्या वस्तीवर शस्त्रांच्या शोधासाठी छापा पडला आणि गोळीबारात चार सरकारी अधिकारी व पंथाचे काही सदस्य मारले गेले. वेढा ५१ दिवस चालला. कोरेश तासन्‌तास प्रकटीकरणातील सात शिक्क्यांविषयी बोलत, आणि ते ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांमध्ये त्याला बायबलची बडबड म्हटले जाई. जेम्स टेबर आणि फिलिप अर्नोल्ड या दोन अभ्यासकांनी मात्र ती भाषा गंभीरपणे घेतली आणि रेडिओवरून कोरेश यांच्याशी त्यांच्याच शब्दांत संवाद साधण्याचा प्रयत्न केला. पाचव्या शिक्क्यात वधलेल्या विश्वासणाऱ्यांना, तुमच्यासारखे आणखी काही जण मारले जाईपर्यंत थोडा काळ थांबा, असे सांगितले आहे. आपण त्याच क्षणी आहोत असे मानणाऱ्या लोकांसमोर रणगाडे उभे करणे म्हणजे त्यांच्या भविष्यवाणीवर शिक्कामोर्तब करणेच होते. १४ एप्रिलला कोरेश यांनी शिक्क्यांचे विवेचन लिहून झाले की बाहेर येईन असे कळवले. १९ एप्रिलला अश्रुधुराचा हल्ला झाला, आग लागली आणि मुलांसह ७६ माणसे गेली. कोरेश यांनी शब्द पाळला असता की नाही हे सांगता येत नाही, आणि मुलांवर त्यांनी केलेल्या अत्याचारांचे आरोप गंभीर होते. तरीही पहिल्या शिक्क्याचे विवेचन खरोखरच लिहून झालेले होते. आगीतून बचावलेल्या एका स्त्रीने ते संगणकाच्या डिस्कवर बाहेर आणले.

भाकीत चुकल्यावर टिपण बंद करू नका

१९६२च्या फेब्रुवारीत अष्टग्रहीच्या, म्हणजे आठ ग्रह एका राशीत येण्याच्या, वेळी आपल्याकडे यज्ञ झाले, लोक धास्तावले, आणि दिवस उलटल्यावर तो विषय चेष्टेचा झाला. भाकीत चुकले की प्रकरण संपते ही आपली समजूत बहुधा अशा अनुभवांतून आली आहे. संघटित चळवळींच्या बाबतीत ती लागू पडत नाही. अमेरिकन उपदेशक विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ रोजी ख्रिस्त येईल म्हणून वाट पाहिली. काहींनी पिके कापली नव्हती. तो दिवस गेला, पुष्कळ लोक दुरावले, परंतु उरलेल्यांपैकी काहींनी तारखेचा नवा अर्थ लावला आणि त्यांतूनच १८६३ साली सेव्हंथ-डे ॲडव्हेंटिस्ट चर्चची रीतसर स्थापना झाली. तिची रुग्णालये पुण्यासह जगभर आहेत. म्हणून आपल्या वहीत तारखेच्या पुढची निदान दोन पाने कोरी ठेवावीत आणि तीन गोष्टी नोंदवाव्यात : कोण सोडून गेले, कोण राहिले, आणि राहिलेल्यांनी कोणता शब्द बदलला. इस्लामिक स्टेटने अंतिम लढाईची जागा म्हणून सीरियातील दाबिक या लहानशा गावाचे नाव आपल्या मासिकाला दिले होते. १६ ऑक्टोबर २०१६ रोजी ते गाव त्यांच्या हातून गेले. मासिकाचे नाव त्याआधीच्याच महिन्यात बदलून रुमिया, म्हणजे रोम, असे झाले होते.