कावळा, कबुतर, चिमणी : रोजच्या पक्ष्यांचे चांगले फोटो कसे काढायचे

पक्ष्यांचे फोटो काढायला लोक पहाटे उठून कुठल्या कुठे जातात आणि निघताना समोरच्याच तारेवर बसलेल्या कावळ्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, ह्याचं मला खरंच वाईट वाटतं. कारण हे रोजचे पक्षी माणसाला सरावलेले असतात, बऱ्यापैकी जवळ येऊ देतात, म्हणजे २०० एमएमची साधी लेन्स असली तरी कावळा-कबुतर फ्रेममध्ये मोठं दिसतं, आणि आज फोटो फसला तर उद्या बहुतेक तोच पक्षी त्याच जागी परत सापडतो.

सुरुवात कावळ्यापासून करा, सगळ्यात अवघड तोच आहे. काळा पक्षी फ्रेममध्ये मोठा आला की कॅमेऱ्याला वाटतं इथे अंधार आहे, मग तो एक्स्पोजर (म्हणजे फोटोतला उजेड) वाढवतो आणि कावळा धुरकट राखाडी येतो, अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम गडद किंवा उजळ करायची कॅमेऱ्यातली सेटिंग) -०.७ ते -१ वर न्या. पण तोच कावळा उजळ आकाशासमोर बसला असेल तर बरोबर उलटं, +१ किंवा अजून वर, नाहीतर नुसती काळी आकृती मिळेल. सकाळचं तिरकं ऊन तुमच्या पाठीमागून येत असेल तर पिसांवर निळी-जांभळी झाक दिसते, भर दुपारी ती शोधत बसू नका.

काळ्या पिसांत काळा डोळा, त्यामुळे डोळ्यात उजेडाचा ठिपका हवाच, तो नसला की पक्षी निर्जीव वाटतो. फोकस डोळ्यावर ठेवून मान वळायची वाट बघा आणि तीन-चार फ्रेमचा बर्स्ट मारा (म्हणजे सलग फोटो काढा), कारण पक्ष्यांना एक तिसरी पापणी असते, ती डोळ्यावरून आडवी फिरते आणि नेमकी त्याच क्षणी क्लिक झाली तर डोळा पांढुरका येतो.

कबुतराबद्दल मला जरा जास्तच सांगायचंय. त्याच्या मानेवरचा तो हिरवा-जांभळा रंग पिसांच्या सूक्ष्म रचनेतून येतो, म्हणून कोन बदलला की रंगही बदलतो, तर एका जागी उभं राहून दहा फोटो काढण्यापेक्षा अर्धं पाऊल इकडे, अर्धं तिकडे सरकून बघा. आणि चालताना ते मान मागेपुढे हलवतं असं आपल्याला वाटतं ना, तसं नसतं, डोकं झटक्यात पुढे जातं आणि मग क्षणभर हवेत जागच्या जागी थांबतं, तेवढ्यात मागून अंग पुढे येतं. १९७८ मध्ये फ्रॉस्ट नावाच्या संशोधकाने कबुतरांना चक्क ट्रेडमिलवर चालवलं, तेव्हा आजूबाजूचं दृश्य सरकत नसल्यामुळे मान हलायचीच थांबली, म्हणजे हा सगळा खटाटोप नजर स्थिर ठेवण्यासाठी! आपल्याला त्या थांबलेल्या क्षणीच क्लिक करायचंय, दोन मिनिटं नुसतं बघत राहिलात की ताल लक्षात येतो.

चिमण्यांसाठी जमिनीवर आडवं व्हा, खरंच. वरून काढलेल्या फोटोत नुसती पाठ येते, डोळ्याच्या पातळीवर आलात की मागचं सगळं धूसर होतं आणि चिमणी एकदम मोठी वाटते. त्या धुळीत अंघोळ करतात ती जागा हेरून ठेवा, शटर स्पीड १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा. आणि मादीला सोडू नका, नराचा काळा गळा लगेच दिसतो म्हणून सगळे त्याच्याच मागे लागतात, पण मादीच्या डोळ्यामागची फिकट पट्टी मऊ उजेडात फार सुंदर दिसते.

उडतानाचा फोटो हवा असेल तर वारा पाठीवर घेऊन उभे राहा, पक्षी झेप घेताना आणि उतरताना बहुतेक वेळा वाऱ्याकडे तोंड करतात म्हणजे तुमच्याच दिशेने येतील. शटर १/२००० सेकंद आणि आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबद्दलची संवेदनशीलता) ऑटो. पण उडावेत म्हणून टाळ्या वाजवणं, खडे मारणं अजिबात नको, आणि घरट्याच्या जवळही नको. कावळे तर माणसाचा चेहरा लक्षात ठेवतात, अमेरिकेत जॉन मार्झलफ हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुखवटे घालून कावळे पकडले होते, नंतर कित्येक वर्षं तो मुखवटा दिसला की कावळे ओरडायचे. म्हणून रोज त्याच वेळी जा, शांत बसा, पहिले दोन-तीन दिवस कॅमेरा वर उचललाच नाहीत तरी चालेल.

घरी आल्यावर आधी डोळा झूम करून बघा, तो शार्प नसेल तर बाकी कितीही छान असो, डिलीट. एडिट करताना कावळ्याच्या शॅडो (गडद भाग) थोड्या उचला, म्हणजे उजळ करा, पिसांच्या कडा दिसल्या की बास, राखाडी व्हायला लागलं तर एक पाऊल मागे या.