बंद केलेल्या क्रेडिट कार्डावर बँकेने थकबाकी दाखवल्यास काय करावे

क्रेडिट कार्ड रीतसर बंद करून वर्ष-दोन वर्षे उलटल्यावर वसुली एजंटचा फोन येतो आणि आपल्या नावावर काही हजारांची थकबाकी असल्याचे सांगितले जाते. अशा वेळी ‘हो, राहिले असतील’ असे बोलून जाऊ नये आणि ‘निदान पाचशे रुपये तरी भरा’ या आग्रहाला तर मुळीच बळी पडू नये. 1963च्या मुदत कायद्यानुसार अशी थकबाकी वसूल करण्यासाठी दावा लावण्याची मुदत साधारणतः तीन वर्षांची असते. मात्र ती संपण्याआधी सहीनिशी दिलेली कबुली किंवा अंशतः केलेला भरणा यांमुळे ती पुन्हा पहिल्यापासून मोजली जाऊ शकते.

ही रक्कम कशी तयार होते, हे पाहिले की अर्धा वाद सुटतो. समजा, कार्ड बंद करण्याचा अर्ज दिल्यानंतर 499 रुपयांचे वार्षिक शुल्क खात्यावर पडले, तर त्यावर 18 टक्के जीएसटी, पुढच्या महिन्यात विलंब शुल्क, मग व्याज आणि त्या व्याजावर पुन्हा जीएसटी, असे करता करता आकडा फुगतो. बंद न केलेले एखादे ऑटो-डेबिट किंवा शेवटच्या स्टेटमेंटनंतरच्या चार दिवसांचे व्याजही मुळाशी असू शकते. तसे असेल तर तेवढी रक्कम खरोखरच देय ठरू शकते, हेही मान्य करावे लागेल.

म्हणून पहिले पत्र खुलासा देणारे नव्हे, हिशेब मागणारे असावे. त्यात पुढील मजकूर पुरेसा आहे: ‘आपण मागणी केलेली रक्कम मला मान्य नाही. हे पत्र म्हणजे कोणत्याही देण्याची कबुली नव्हे. खाते बंद करण्याच्या अर्जाच्या तारखेपासून आजपर्यंतचा नोंदवार उतारा आणि प्रत्येक शुल्काचा आधार लेखी कळवावा.’ सोबत नो ड्यूज सर्टिफिकेट (थकबाकी नसल्याचा दाखला), बंद केल्याचा ईमेल किंवा शेवटच्या भरण्याची पावती यांच्या प्रती जोडाव्यात. मूळ कागद कोणालाही देऊ नयेत. पत्र तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेलने आणि स्पीड पोस्टाने पाठवून तक्रार क्रमांक व पोच जपून ठेवावी. कॉल सेंटरवरील तोंडी आश्वासनाला पुढे कोणी विचारत नाही.

रिझर्व्ह बँकेच्या क्रेडिट कार्डांविषयीच्या निर्देशांचा उल्लेख पत्रात अवश्य करावा. त्यांनुसार थकबाकी नसल्यास कार्ड बंद करण्याची विनंती सात कामकाजी दिवसांत अमलात आणणे बँकेवर बंधनकारक आहे आणि उशीर झाल्यास दररोज 500 रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. ग्राहकाचे नाव थकबाकीदार म्हणून कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या क्रेडिट माहिती कंपन्यांना कळवण्यापूर्वी त्याला सात दिवसांची सूचना देणेही आवश्यक आहे.

दरम्यान आपला क्रेडिट अहवाल, म्हणजे या कंपन्यांकडील आपल्या नोंदींचा उतारा, मागवावा. सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा तो मोफत मिळतो. चुकीची नोंद आढळल्यास संबंधित कंपनीकडे स्वतंत्र तक्रार नोंदवावी. ती 30 दिवसांत निकाली न निघाल्यास त्यापुढे दररोज 100 रुपये भरपाईची तरतूद आहे.

बँकेने 30 दिवसांत उत्तर दिले नाही, किंवा दिलेले उत्तर समाधानकारक नसले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्यासाठी शुल्क नाही आणि वकिलाचीही गरज नाही, पण विनाकारण दिरंगाई करू नये. मध्येच लोकअदालतीची नोटीस आली तर ती शिक्षेची नोटीस समजून हबकू नये. तिथली तडजोड दोन्ही पक्षांच्या संमतीनेच होते, मात्र एकदा सही केली की ती बंधनकारक ठरते.

बँकेने चूक मान्य केल्यास अहवालातील नोंद ‘क्लोज्ड’ अशीच करून घ्यावी. ‘सेटल्ड’ ही नोंद स्वीकारू नये, कारण तिचा अर्थ ग्राहकाने पूर्ण देणे फेडले नाही असा होतो आणि पुढे गृहकर्ज मागताना तीच आडवी येते.