मराठी-कन्नड वेबपेज करताना या चुका टाळा: ब्राउझरची स्वतःची स्टाइल ओळखा

बेळगावातल्या पतसंस्थांच्या, मंगल कार्यालयांच्या, मिठाईच्या दुकानांच्या वेबसाइट बघा. एकाच पानावर बऱ्याचदा तीन लिप्या असतात: नाव इंग्रजीत, माहिती मराठीत, शाखांचे पत्ते कन्नडमध्ये. निपाणी, खानापूर, अथणीकडेही तेच. अशी पानं करणारी आपली मुलं मेहनती आहेत. तरीही "माझ्या लॅपटॉपवर ठीक दिसतंय, मालकांच्या मोबाइलवर बिघडतंय" ही तक्रार काही संपत नाही. मग सीएसएसमध्ये (पान कसं दिसावं ते सांगणारी भाषा) आणखी चार ओळी वाढतात आणि गुंता वाढतो.

मूळ कारण बहुतेकदा एकच असतं. प्रत्येक ब्राउझर आपली स्वतःची स्टाइलशीट घेऊन येतो. तुम्ही सीएसएसची एक ओळही लिहिली नाही तरी बॉडीभोवती ८ पिक्सेलचं मार्जिन पडतं, एच-वन साध्या मजकुराच्या दुप्पट होतो, परिच्छेदाच्या वर-खाली १ ईएम (म्हणजे त्या मजकुराच्या फॉन्ट-साइजएवढी) जागा सुटते, यादी डावीकडून ४० पिक्सेल आत सरकते आणि लिंक निळी होते. यातल्या बऱ्याच सवयी लॅटिन अक्षरांच्या छपाईतून आल्या आहेत. इंग्रजी पानावर त्या खपून जातात, देवनागरी आणि कन्नडमध्ये मात्र खटकतात.

न बघता दुरुस्ती करणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. क्रोममध्ये बिघडलेल्या जागेवर राइट-क्लिक करून इन्स्पेक्ट उघडा. स्टाइल्सच्या रकान्यात ज्या नियमांसमोर 'यूजर एजंट स्टाइलशीट' असं लिहिलेलं दिसेल ते ब्राउझरचे, बाकीचे तुमचे किंवा तुम्ही जोडलेल्या लायब्ररीचे. कम्प्युटेड टॅबच्या अगदी तळाशी 'रेंडर्ड फॉन्ट्स' असतं. तुम्ही मागितलेला फॉन्ट आणि प्रत्यक्षात लागलेला फॉन्ट वेगळे आहेत का, ते तिथं कळतं. माझ्या मते मराठी-कन्नड पानाच्या निम्म्या तक्रारी या एका जागी उलगडतात.

एक नेहमीचं उदाहरण घ्या. टेम्पलेटमध्ये पॉपिन्स फॉन्ट असतो. त्यात देवनागरी आहे, त्यामुळे मराठी मजकूर छान दिसतो आणि आपण निर्धास्त होतो. पण पॉपिन्समध्ये कन्नड अक्षरं नाहीत. मग ब्राउझर कन्नडसाठी त्या यंत्रावरचा फॉन्ट उचलतो: विंडोजवर निर्मला यूआय, अँड्रॉइडवर बहुधा नोटो सान्स कन्नड. दोन्हींची जाडी आणि उंची वेगळी, म्हणून प्रत्येक फोनवर पान वेगळं. फॉन्ट-फॅमिलीच्या यादीत कन्नडचा फॉन्टही नाव घेऊन लिहा आणि तो वेबफॉन्ट म्हणून जोडा. निवड ब्राउझरवर सोडू नका.

तिरपी आणि फुगलेली अक्षरं

दुकानाचा पत्ता लिहायला बरेचजण अॅड्रेस टॅग वापरतात. संपर्काच्या माहितीसाठी तो योग्यच आहे. पण ब्राउझर अॅड्रेसला इटॅलिक करतो. ईएम, आय, साइट, डीएफएन या टॅगांचंही तसंच. देवनागरी आणि कन्नडच्या बहुतेक फॉन्टांमध्ये खरं इटॅलिक बनवलेलंच नसतं, म्हणून ब्राउझर सरळ अक्षर एका बाजूला ओढून तिरपं करतो. काना कलतो, वेलांटी शेजारच्या अक्षरावर झुकते, आणि 'खडेबाजार, बेळगाव' एवढा साधा पत्ता वाचायलाही डोळे ताणावे लागतात.

बोल्डचा त्रास यापेक्षा मोठा आहे, कारण तो चटकन लक्षात येत नाही. सगळे हेडिंग, स्ट्राँग, बी आणि टेबलातला टीएच यांना ब्राउझर स्वतःहून ठळक करतो. तुम्ही फॉन्टची फक्त ४०० (साधी) ही जाडी लोड केली असेल तर ७०० ची (ठळक) अक्षरं ब्राउझरकडे नसतात. तो आहे त्याच अक्षराला जाड करून वेळ मारून नेतो. इंग्रजीत हे कदाचित चालून जाईल, पण 'लक्ष्मी', 'वृद्धी', 'शुद्ध' अशा शब्दांत जोडाक्षरांमधल्या बारीक फटी बुजतात. पतसंस्थेच्या व्याजदराच्या टेबलात सगळ्यात महत्त्वाच्या ओळी टीएचमध्ये असतात आणि नेमक्या त्याच माखल्यासारख्या दिसतात.

उपाय सोपा आहे. जी जाडी वापरता ती खरोखर लोड करा. मुक्तसारख्या फॉन्टमध्ये २०० पासून ८०० पर्यंतच्या जाड्या मिळतात. अॅड्रेस आणि ईएमला फॉन्ट-स्टाइल: नॉर्मल द्या, जोर दाखवायचा असेल तर रंग किंवा जाडी वापरा. बॉडीवर फॉन्ट-सिंथेसिस: नन लिहिलं की ही नकली अक्षरं बनणंच थांबतं.

ओळींची उंची नशिबावर सोडणं

लाइन-हाइटची मूळ किंमत 'नॉर्मल' असते. म्हणजे नेमकी किती, ते त्या त्या फॉन्टच्या आतल्या मापांवर ठरतं. एका ओळीत दोन फॉन्ट आले की ज्याची मापं मोठी, तो ती ओळ ताणतो. आपल्याकडे हे रोज घडतं. चिक्कोडी किंवा हुक्केरी हे नाव कन्नडमध्ये लिहिलं की जोडाक्षरातला दुसरा 'क' ओत्तक्षर होऊन ओळीच्या खाली उतरतो. त्याला जागा लागते, म्हणून कन्नड फॉन्टची खालची मापं मोठी ठेवलेली असतात. परिणाम असा, की शाखांच्या यादीत मराठीत लिहिलेली निपाणीची ओळ घट्ट आणि कन्नडमधली चिक्कोडीची सैल.

मग कोणीतरी वैतागून लाइन-हाइट १ करतं. ओळी सारख्या होतात, पण डब्याला ओव्हरफ्लो: हिडन असेल तर वरची मात्रा आणि खालचा उकार कापला जातो. 'खानापूर'चा ऊकार गेला की काय राहतं बघा. बॉडीला लाइन-हाइट १.६ ते १.८ द्या, हेडिंगला १.३ च्या खाली जाऊ नका. आकड्यापुढे एकक लावू नका. ईएम लावलं तर बॉडीवर हिशेब होऊन आलेले पिक्सेलच आतल्या टॅगांना वारशानं मिळतात आणि मोठ्या हेडिंगच्या ओळी एकमेकींवर चढतात.

लिंकखालची रेघही याच जागेत येते. उकार आला की ब्राउझर तिथं रेघ तोडतो, त्यामुळे मराठी लिंकखाली तुटक तुकडे दिसतात. टेक्स्ट-अंडरलाइन-ऑफसेट थोडा वाढवला की रेघ उकारांच्या खाली जाते. रेघ काढून मात्र टाकू नका, लिंक ओळखायची ती खूण आहे.

आणि लेटर-स्पेसिंग. ही चूक ब्राउझरची नाही, इंग्रजी टेम्पलेटची आहे. इंग्रजी शीर्षकं ऐटदार दिसावीत म्हणून टेम्पलेटवाले अक्षरांत अंतर टाकतात. मराठीत त्यानं शिरोरेषा तुटते आणि 'मंगल कार्यालय'ची सुटी सुटी अक्षरं होतात. मराठी मजकुरावर लेटर-स्पेसिंग ० ठेवा, यात तडजोड नको.

हेडिंग आकारासाठी निवडणं

एच-वन फार मोठा वाटला म्हणून एच-फोर घेणं चूक. टॅग अर्थासाठी असतो, आकार सीएसएसनं द्यायचा. आणि ब्राउझरचे एच-फाइव्ह आणि एच-सिक्स तर साध्या मजकुराहूनही लहान असतात, अनुक्रमे ०.८३ आणि ०.६७ ईएम. १६ पिक्सेलच्या मजकुरात एच-सिक्स ११ पिक्सेलच्या आत जातो. त्या आकारात देवनागरी ठळक अक्षरं वाचणं वयस्कर माणसाला अवघडच. शिवाय सेक्शन किंवा आर्टिकलच्या आत ठेवलेला एच-वन ब्राउझर आपोआप लहान दाखवायचे. २०२५ पासून ही सवय काढून टाकायला सुरुवात झाली. जुन्या साइटवरचं हेडिंग अचानक मोठं दिसायला लागलं असेल तर कारण इथं शोधा आणि एच-वनला फॉन्ट-साइज स्वतः लिहा.

फॉर्म

बटन, इनपुट, सिलेक्ट, टेक्स्टएरिया हे टॅग पानाचा फॉन्ट घेत नाहीत. विंडोजवरच्या क्रोममध्ये बटनाला आणि इनपुटला एरियल मिळतो, आकार १३.३३ पिक्सेल, टेक्स्टएरियाला मोनोस्पेस. एरियलमध्ये देवनागरी नाही, म्हणून 'अर्ज पाठवा' तिसऱ्याच फॉन्टमध्ये येतं. चारही टॅगांना फॉन्ट: इनहेरिट द्या. आयफोनवर इनपुटमधला मजकूर १६ पिक्सेलपेक्षा लहान असेल तर बोट लावताच पान झूम होतं, तोही प्रश्न इथंच मिटतो.

तारखेच्या इनपुटवर फार भरवसा ठेवू नका. तारीख कशी दाखवायची ते पान ठरवत नाही, ब्राउझर ठरवतो, आणि अमेरिकन इंग्रजीत ठेवलेल्या ब्राउझरवर महिना आधी येतो. कार्यालय बुक करताना ०५/११ म्हणजे ५ नोव्हेंबर की ११ मे, हा घोळ लग्नघराला परवडणारा नाही. खाली निवडलेली तारीख महिन्याच्या नावासकट लिहून दाखवा. नंबरच्या इनपुटमध्ये देवनागरी आकडे चालत नाहीत. मराठी कीबोर्डवरून १२३४ टाइप करणाऱ्याचा आकडा घेतलाच जात नाही. मोबाइल नंबरसाठी टाइप 'टेल' ठेवा, त्यात तो घेता येतो, आणि सर्व्हरवर आकडे बदलून घ्या.

फील्डसेटचा एक छुपा नियम आहे: आतल्या रुंद गोष्टीपेक्षा तो अरुंद होत नाही. मोबाइलवर फॉर्म उजवीकडे बाहेर पळत असेल तर फील्डसेटला मिन-विड्थ: ० देऊन बघा.

भाषा न सांगणं

टेम्पलेटमधलं लँग (पानाची भाषा सांगणारी खूण) 'ईएन', म्हणजे इंग्रजी, तसंच राहतं. मराठी पानाला 'एमआर' आणि आतल्या कन्नड तुकड्यांना 'केएन' लिहा. स्क्रीन रीडर (पान मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) त्यावरून उच्चार निवडतो. फॉन्टमध्ये सोय असेल, उदाहरणार्थ नोटो सान्स देवनागरीत, तर 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे येतात. हिंदी वळणाचा 'ल' आपल्या डोळ्याला लगेच टोचतो.

अक्षरांऐवजी भलतंच काही दिसत असेल तर आधी दोन कारणं वेगळी करा. लॅटिन 'ए'वर तिरकी खूण, त्यामागे चलनाचं गोल चिन्ह, मधूनच येनचं चिन्ह, असं परत परत येत असेल तर मजकूर यूटीएफ-८ आहे पण ब्राउझरला तसं सांगितलेलं नाही. कॅरसेटचा (अक्षरांची पद्धत सांगणारा) मेटा टॅग हेडमध्ये सगळ्यात वर, फाइलच्या पहिल्या १०२४ बाइटच्या आत हवा. नुसती इंग्रजी अक्षरं आणि विरामचिन्हं दिसत असतील तर मजकूर श्रीलिपी किंवा नुडीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधून पेस्ट झालाय. छापखान्यातून आलेल्या फाइलींत हे हमखास. तिथं सीएसएस काही करू शकत नाही, मजकूर युनिकोडमध्ये बदलूनच घ्यावा लागतो.

झटपट तपासायच्या गोष्टी

फोटोखाली नको ती फट: इमेज मजकुराच्या ओळीत बसते म्हणून. डिस्प्ले: ब्लॉक द्या. मोबाइलवर सगळं बारीक: व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग नाही, म्हणून फोन पान साधारण ९८० पिक्सेल रुंद धरतोय. टॅगला हिडन लावूनही डबा दिसतोय: तुमच्या डिस्प्ले: फ्लेक्सनं ब्राउझरच्या डिस्प्ले: ननवर मात केली. टेबलातला मजकूर बॉडीचा रंग किंवा आकार घेत नाही: पहिल्या ओळीतला डॉकटाइप गायब आहे आणि ब्राउझर जुन्या क्वर्क्स मोडमध्ये गेलाय. यादीचे इंग्रजी आकडे नकोत: लिस्ट-स्टाइल-टाइपला 'देवनागरी' किंवा 'कन्नड' लिहा. बटनाभोवतीची फोकसची रेघ कुरूप वाटते म्हणून आउटलाइन: नन लिहिलंत: ती परत आणा, हवा तर रंग बदला. माउस न वापरता कीबोर्डवर काम करणाऱ्याला आपण पानावर कुठं आहोत ते त्या रेघेवरूनच कळतं.