बिशप हिलची माणसं मोजायची कशी

अमेरिकेत इलिनॉयच्या हेन्री काउंटीतल्या या स्वीडिश गावात २०२० च्या जनगणनेत ११४ माणसं होती. हा आकडा मिळायला दोन मिनिटं लागतात. १८४६ साली एरिक यान्सोन या धर्मोपदेशकाच्या मागे हजारभर शेतकरी स्वीडन सोडून आले, त्यातलं एखादं घर शोधायचं असेल तर मात्र दम लागतो.

आधी नाव समजून घ्या. शेजारच्या आजींसाठी मी त्यांचे ओल्सन पणजोबा शोधत होते, आणि पणजोबांच्या वडिलांनाही ओल्सनच धरून बसले. दोन आठवडे गेले पाण्यात. आपल्याकडे वडिलांचं नाव मधे येतं आणि आडनाव टिकतं. तिकडे तेव्हा वडिलांचं नाव हेच शेवटचं नाव, पुढे 'सोन' म्हणजे मुलगा. एरिक यान्सोनचे वडील यान मात्सोन, आणि मुलगा अमेरिकेत यान्सोनचं इंग्रजी करून झाला एरिक जॉन्सन. एकाच घरात तीन पिढ्या, तीन नावं!

मग मूळ गाव शोधा. 'बिशप हिल' म्हणजे यान्सोनच्या बिस्कोप्सकुल्लाचं सरळ भाषांतर. तिथले पाद्री घरटी नोंदवही ठेवत: कोण कधी जन्मलं, कुणाला वाचता येतं, कोण कुठे गेलं. स्वीडनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर ती फुकट पाहता येते. अक्षर लावायला मात्र आठवडाभर डोळे फोडावे लागतात.

अमेरिकेत घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहिणारी पहिली जनगणना १८५० ची, आणि फसगत होते ती इथेच. पहिल्या हिवाळ्यात ओढ्याकाठी खणलेल्या भुयारांत शंभराच्या आसपास माणसं दगावली, १८४९ च्या कॉलऱ्यात आणखी १४० वर. मोजणीची तारीख होती १ जून. खुद्द यान्सोनचा १३ मे रोजी हेन्री काउंटीतल्याच केंब्रिजच्या कोर्टात खून झाला होता. म्हणजे गाव वसवणाराच यादीत नाही. म्हणून मोजणीआधीच्या बारा महिन्यांतल्या मृत्यूंची वेगळी यादी असते ती चाळा. त्याआधी गेलेल्यांसाठी न्यूयॉर्कच्या जहाजांच्या प्रवासी याद्या बघा. १८९० च्या मोजणीच्या वाटेला जाऊ नका, तिचे बहुतेक कागद १९२१ च्या आगीत गेले.

एवढं झालं की गावात जा. १८४८ चं चर्च बघा: वर प्रार्थनेचा दिवाणखाना, खाली एकेका खोलीत एकेक कुटुंब. वर देऊळ, खाली चाळ! मला आमची डोंबिवलीची खोली आठवली. जमीन, जेवण, काम सगळं सामाईक होतं; १८६१ पर्यंत वाटण्या झाल्या, म्हणून कुणाच्या नावावर कोणतं शेत हे काउंटीच्या जमीनदप्तरात त्यानंतर शोधायचं. मनोऱ्याच्या घड्याळाला मिनिटकाटा नाही, तेही बघून घ्या.

आजींचे पणजोबा सापडले. त्यांचे वडील होते ओलोफ पेर्सोन.