बायबलमधले उतारे शेजारी ठेवून कसे वाचावेत

बायबल पहिल्या पानापासून वाचायला घेणारे बरेच जण लेवीयाच्या पुस्तकाच्या आसपास थांबतात. मग हाती उरतं ते रविवारच्या उपदेशात ऐकलेलं वचन, भिंतीवरच्या कॅलेंडरवरचं वचन, सकाळी व्हॉट्सअॅपवर येणारं वचन. त्याच्या आधी काय लिहिलं आहे, नंतर काय आहे, तोच प्रसंग दुसऱ्या पुस्तकात कसा आला आहे, याचा पत्ता नसतो. यावर साधा उपाय म्हणजे एकमेकांशी नातं असलेले उतारे समोरासमोर ठेवून वाचणं. त्यासाठी हिब्रू किंवा ग्रीक येण्याची गरज नाही, आणि ख्रिस्ती असण्याचीही नाही.

सामान फार लागत नाही. एक मराठी बायबल, पेन्सिल आणि पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात कुठेही मिळणारी फुलस्केप वही. वही आडवी धरली की एका पानावर चार रकाने नीट बसतात. तुलना करताना सगळे उतारे एकाच भाषांतरातून घ्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेलं, १९२४ साली प्रसिद्ध झालेलं भाषांतर घरात असेल तर ते जरूर वाचा. पण एक रकाना त्यातून आणि दुसरा बायबल सोसायटीच्या ‘पवित्र शास्त्रा’तून भरलात, तर दिसलेला फरक मूळ लेखकांचा की भाषांतरकारांचा, हे कळायचं नाही.

आधी नातं ओळखा

उताऱ्यांची नाती वेगवेगळ्या प्रकारची असतात. कधी एकच प्रसंग दोन-तीन ठिकाणी येतो. चार शुभवर्तमानं (येशूचं जीवन सांगणारी मत्तय, मार्क, लूक आणि योहान ही पुस्तकं), किंवा ‘शमुवेल’-‘राजे’ आणि ‘इतिहास’ या नावांची पुस्तकं यांच्यात हे सतत दिसतं. कधी नव्या करारातला, म्हणजे बायबलच्या येशूनंतरच्या भागातला लेखक जुन्या करारातलं, म्हणजे आधीच्या भागातलं वाक्य उचलतो. कधी एका पुस्तकातला नियम दुसऱ्या पुस्तकातल्या गोष्टीला आधार देतो. रूथच्या पुस्तकात रूथ शेतात सरवा, म्हणजे कापणीनंतर पडलेली कणसं, वेचायला जाते, तो तिचा हक्क का होता, हे लेवीय १९:९-१० (अध्याय १९, वचनं ९ ते १०) वाचल्यावर समजतं. आणि कधी नुसताच विषय सारखा असतो. हे शेवटचं नातं सगळ्यांत सैल. नवख्यानं तिथून सुरुवात करू नये, कारण ‘प्रेम’ किंवा ‘पाणी’ असा शब्द मोबाइलवर शोधून निघालेली यादी म्हणजे अभ्यास नव्हे.

अनेक आवृत्त्यांमध्ये प्रसंगाच्या मथळ्याखाली समांतर उताऱ्यांचे आकडे छापलेले असतात. पहिल्या प्रकारासाठी तेवढे पुरतात.

चार रकाने भरा

सरावाला पाच हजारांना जेवू घालण्याचा प्रसंग घ्या. येशूच्या सेवाकाळातला हा एकच चमत्कार चारही शुभवर्तमानांत आहे: मत्तय १४:१३-२१, मार्क ६:३०-४४, लूक ९:१०-१७, योहान ६:१-१५. प्रत्येक उतारा वेगळा वाचा आणि त्याच्या रकान्यात फक्त त्यात लिहिलेलंच टिपा. योहान वाचताना मार्कातला तपशील आठवला तरी तो योहानाच्या रकान्यात घालायचा नाही. वाटतं तितकं हे सोपं नाही. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट आपल्या डोक्यात चारही पुस्तकं मिसळून बसलेली असते.

रकाने भरल्यावर जे एकाच ठिकाणी आहे त्याखाली रेघ ओढा. जवाच्या भाकरी आणि त्या आणणारा मुलगा फक्त योहानात आहे. ‘स्त्रिया व मुलं यांच्याशिवाय’ ही पुस्ती फक्त मत्तयात. पहिल्या तिघांत भाकरी शिष्य वाढतात, योहानात येशू स्वतः देतो. लोक त्याला बळजबरीनं राजा करायला निघाले होते, हेही फक्त योहान सांगतो.

आता मार्क ६:३९ पाहा. लोक हिरव्या गवतावर बसतात. पुण्यातल्या वाचकाच्या डोळ्यांसमोर हिरवं गवत म्हटलं की श्रावण येतो. चैत्रात तळजाईची टेकडी करपून तपकिरी झालेली असते. योहान ६:४ मात्र सांगतं, की यहुद्यांचा वल्हांडण सण जवळ आला होता, म्हणजे साधारण आपला चैत्रच. मग गवत हिरवं कसं? गालीलात पाऊस हिवाळ्यात पडतो, त्यामुळे तिथले डोंगर वसंतात हिरवे असतात. मार्कानं सण सांगितलेला नाही, योहानानं ‘तिथे पुष्कळ गवत होतं’ एवढंच म्हटलं आहे, आणि तरी दोघं एकमेकांना नेमके जुळतात. माझ्या मते या पद्धतीचा खरा आनंद अशा जागी आहे, आणि तो कोणी सांगून मिळत नाही, रकाने भरूनच मिळतो.

इथून मागेही जाता येतं. २ राजे ४:४२-४४ मध्ये अलीशा हा संदेष्टा जवाच्या वीस भाकरींत शंभर माणसांना जेवू घालतो आणि उरतंही. योहानाच्या जवाच्या भाकरी वाचताना त्याच्या पहिल्या वाचकांना अलीशा आठवला असणार. मार्कातलं ‘मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखे’ हे वर्णन गणना २७:१७ मध्ये आहे, आणि यहेज्केल ३४ मध्ये त्यावर जवळजवळ अख्खा अध्याय आहे. हे सगळं वहीच्या डाव्या पानावर लिहा. उजवं पान चार रकान्यांसाठीच ठेवा.

जुळत नाही तिथे थांबा

आता अवघड जोडी. दावीद राजानं केलेली शिरगणती २ शमुवेल २४ आणि १ इतिहास २१ मध्ये आहे. गणतीनंतर मरी (साथ) येते, आणि दाविद वेदी बांधायला एका यबूसी माणसाचं खळं विकत घेतो. पहिल्या ठिकाणी परमेश्वराचा कोप दाविदाला गणतीसाठी उठवतो, दुसऱ्या ठिकाणी सैतान. इस्राएलाचे योद्धे एकीकडे आठ लाख, दुसरीकडे अकरा लाख. त्या खळ्याची किंमत एकीकडे बैलांसकट ५० शेकेल (जुनं वजनाचं माप) चांदी, दुसरीकडे त्या जागेसाठी ६०० शेकेल सोनं.

इथे दोन घाई होतात. एक गट लगेच ‘बघा, विसंगती!’ म्हणतो, दुसरा लगेच जुळवाजुळव करतो: ५० शेकेल खळ्याचे, ६०० सगळ्या आवाराचे. ती जुळवणी बरोबर असूही शकेल. पण त्याआधी एक प्रश्न विचारा: हा लेखक ही गोष्ट कशासाठी सांगतो आहे? ‘इतिहास’ पुस्तकात पुढच्याच पानावर, २२:१ मध्ये, दाविद म्हणतो की देवाचं मंदिर इथेच होईल. २ इतिहास ३:१ सांगतं, की दाविदाचा मुलगा शलमोन यानं मंदिर मोरिया डोंगरावर, त्याच खळ्याच्या जागी बांधलं. मोरिया हे नाव उत्पत्ती २२ मध्ये अब्राहाम आपला मुलगा इसहाक याला अर्पण करायला घेऊन जातो तिथे भेटतं. शमुवेलाच्या पुस्तकात यातलं काहीच नाही. तिथे मरी थांबली आणि पुस्तक संपलं. इतिहासाचं पुस्तक पारसाचा राजा कोरेश यानं मंदिर बांधण्याची आज्ञा दिली त्या क्षणावर संपतं, म्हणजे ते यहूदी लोकांच्या बाबेलमधल्या बंदिवासानंतरचं आहे. मंदिर पुन्हा उभारणाऱ्यांना त्या जागेची कथा हवी होती. त्यांच्यासाठी ते खळं सोन्याच्या मोलाचंच होतं.

वेगवेगळे पाठ शेजारी मांडून तपासायची शिस्त पुण्याला नवी नाही. भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती अशाच कामातून उभी राहिली; १९१९ मध्ये सुरू झालेलं ते काम १९६६ मध्ये पुरं झालं. मात्र तिथल्या संपादकांना एक पाठ निवडायचा होता. आपल्याला काहीच निवडायचं नाही, दोन्ही रकाने तसेच राहू द्यायचे.

अवतरण दिसलं की मूळ अध्याय उघडा

‘अब्राहामानं देवावर विश्वास ठेवला आणि ते त्याला नीतिमत्त्व म्हणून गणलं गेलं’ ही उत्पत्ती १५:६ मधली ओळ रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात आहे आणि याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायातही. पहिल्या पत्राचा लेखक पौल म्हणतो माणूस विश्वासानं नीतिमान ठरतो, याकोब म्हणतो कृतीनं, आणि बायबल अभ्यासाच्या बैठकीत चहा थंड होईपर्यंत वाद चालतो. वाद घालण्याआधी उत्पत्ती १५, १७ आणि २२ हे तीन अध्याय क्रमानं वाचा. पौल पंधरावरून सतराकडे पाहतो: सुंता नंतर झाली, नीतिमत्त्व आधीच गणलं गेलं होतं. याकोब बाविसाव्याकडे पाहतो: इसहाकाला अर्पण करायला नेलं त्या वेदीपाशी विश्वास पुरा झाला. शिवाय दोघांसमोरची माणसंही वेगळी. पौलासमोर सुंतेचा अभिमान बाळगणारे आहेत, तर याकोबासमोर उपाशी, उघड्या भावाला ‘सुखानं जा, ऊब घे’ म्हणून वाटेला लावणारे.

काही खड्डे ठाऊक असू द्या. नाव एक म्हणजे माणूस एक असं नाही: मत्तय २ मधला हेरोद बाप, १४ मधला मुलगा, आणि प्रेषितांची कृत्ये १२ मधला नातू. अध्याय तेराव्या शतकात पाडले गेले, वचनांचे आजचे आकडे सोळाव्या शतकातले. त्यामुळे विषय कधीकधी अध्यायाच्या मधूनच सुरू होतो. यशया ५३ वाचायचा तर ५२:१३ पासून वाचा.

पुढच्या सरावाला स्तोत्र १४ आणि ५३ घ्या. बहुतांश सारखी असल्यानं थोडेसे फरक चटकन दिसतात. नंतर २ राजे १८-२० आणि यशया ३६-३९. मग यशया २:४ आणि मीखा ४:३: तलवारींचे नांगराचे फाळ होतील, असं दोघंही म्हणतात. योएल ३:१० मध्ये हुकूम नेमका उलटा आहे, फाळ ठोकून तलवारी करा. तिथे पोहोचलात, की योएलाचा तिसरा अध्याय पहिल्या वचनापासून वाचा, हा हुकूम कोणाला दिला आहे ते शोधा, आणि मगच रकाना भरा.