एटीएमला जाताना डिकीत कोयता? या चुका टाळा

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आधी गोव्यात म्हापशाला माटोळीचा (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांचा) बाजार भरला की एटीएमची रांग थेट रस्त्यावर येते. गेल्या वर्षी त्या रांगेत माझ्यापुढे आमचे डिचोलीकडचे एक काका होते. एका हातात चिबूड, दुसऱ्या हातात सुपारीचा घड, आणि स्कूटरच्या डिकीत कोयता. नारळासाठी का, असं विचारलं तर म्हणाले, "नारळ कसले रे! हल्ली कोणाचा भरवसा नाही. घरची बंदूक आणली असती तर कोणाची माय व्यालीय पैशांना हात लावायची?"

काकांकडे काजूच्या बागेत डुकरं येतात म्हणून लायसन्सची बंदूक आहे. माणूस भला आहे, हिशेब मात्र चुकलाय. तसा तो बऱ्याच जणांचा चुकतो.

हत्यार जवळ असलं की झालं, असं समजणं

एटीएमची खोली आठवून बघा. चार पावलं लांब, तीन पावलं रुंद, दार एकच आणि ते तुमच्या पाठीमागे. डाव्या हातात कार्ड, उजवा हात कीपॅडवर, मोबाईलवर ओटीपी येणार असेल तर तोही सांभाळायचा. पावसाळ्यात काखेत छत्री. मागचा माणूस हाताच्या अंतरावर येईपर्यंत तुम्हाला पत्ताच लागत नाही. अशा वेळी डिकीतला कोयता डिकीतच राहतो. खिशातली सुरी निघालीच तर झटापटीत ती कोणाच्या हातात जाईल, हे सांगता येत नाही.

19 नोव्हेंबर 2013 ला बेंगळुरूत सकाळच्या वेळी एका महिलेच्या मागोमाग एकजण एटीएममध्ये शिरला, आतून शटर खाली ओढलं आणि तिच्यावर वार केले. तो सापडायला 2017 उजाडलं. त्या दिवशी शटर खाली आलं तिथेच सगळं संपलं होतं. म्हणून सावध राहायचं ते दाराबाहेर. आत जाण्याआधी एकदा मागे वळून बघा. कोणी उगाच घुटमळत असेल तर पुढच्या मशीनवर जा. लाईट गेलेली किंवा अर्धं शटर ओढलेली खोली सोडून द्या. गर्दीतली, दुकानांच्या मधली मशीन बरी. बँकेच्या शाखेला लागून असलेली मशीन, तीही कामकाजाच्या वेळेत, सगळ्यांत बरी.

पेपर स्प्रेला लायसन्स लागत नाही, म्हणून हल्ली बऱ्याच जणी पर्समध्ये ठेवतात. ठेवा. पण एसी चालू असलेल्या बंद खोलीत तो मारलात तर समोरच्याइतकीच तुमचीही आग होणार. तो उघड्यावर, पळायला वाट असताना कामाचा.

शेतीचं लायसन्स गावभर चालतं, असं समजणं

पीकरक्षणाच्या बंदुकीचं लायसन्स एका कामासाठी आणि ठरावीक हद्दीसाठी असतं. काजूच्या बागेतली बंदूक म्हापशाच्या बाजारात घेऊन फिरणं म्हणजे लायसन्सची अट मोडणं. निवडणूक आली की हीच बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायला लागते, हे काकांना पाठ आहे. हद्दीची अट तेवढी ते विसरले.

कोयत्याचीही गंमत आहे. 2016 च्या शस्त्र नियमांत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्रांच्या यादीत येतात, पण घरकामाची आणि शेतीची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. म्हणजे कोयता कशासाठी जवळ ठेवलाय, याला महत्त्व आहे. काकांनी तर तो नारळासाठी नाही हे भर रांगेत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगून टाकलं होतं!

चोर पळाल्यावर हिशेब चुकता करणं

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच, म्हणून इथे जरा थांबतो. स्वसंरक्षणाचा हक्क कायद्यात आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या 96 ते 106 या कलमांत होता, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या 34 ते 44 मध्ये आहे. स्वतःच्याच नाही, दुसऱ्याच्या जिवासाठी आणि मालमत्तेसाठीही तो वापरता येतो. पण कलम 37 त्याला दोन लगाम घालतं. बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हक्कच उरत नाही.

आता म्हापशाच्या रांगेत या. कोणी सुरा गळ्याला लावून पैसे मागितले, तर तो जबरी चोरीचा प्रसंग. जीव जाईल किंवा गंभीर दुखापत होईल अशी रास्त भीती असेल, तर प्रतिकारात समोरच्याचा जीव गेला तरी कायदा तुमच्या बाजूने उभा राहू शकतो. तुम्ही किती जोराने ढकललंत हे कोर्ट सोन्याच्या तराजूत तोलत बसत नाही. पण कोणी मागून नोटा हिसकावून पळाला, हातात काही नाही, पाठ तुमच्याकडे, आणि तुम्ही धावत जाऊन त्या पाठीवर कोयता घातलात, तर चित्र उलटं होतं. चार हजार रुपये त्याने नेले आणि कोर्टाच्या पायऱ्या तुम्ही झिजवणार. पळणाऱ्याला धरून नोटा परत घेणं वेगळं आणि तो जमिनीवर पडल्यावर वार करणं वेगळं. धरलाच तर लगेच पोलिसांच्या हवाली करा; कायद्याने त्यासाठी जास्तीत जास्त सहा तास दिलेत. जमावाने त्याला "प्रसाद" देणं सहा तासांतही बसत नाही आणि सहा मिनिटांतही नाही.

तरी सुरा दिसला की पैसे देऊन टाका, हेच माझं मत. पैसे त्याच्यापासून लांब फेका आणि तुम्ही दाराकडे पळा.

उलटा पिन दाबला की पोलीस येतात

येत नाहीत. कार्ड घालण्याआधी दोनदा कॅन्सल दाबलं की पिन चोरीला जात नाही, हेही खोटं. घरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे पुन्हा आलं तर तिथेच सांगा.

मदत करणाऱ्याच्या हातात कार्ड देणं

सुऱ्यापेक्षा या गोड बोलण्याला जास्त लोक फसतात. "आजी, असं नाही, थांबा, मी दाखवतो." पिन त्याने बघितलेला असतो, आणि परत मिळतं ते तशाच रंगाचं दुसऱ्याचं कार्ड. आजी घरी पोचेपर्यंत खातं रिकामं. कार्ड परत घेताना त्यावरचं नाव वाचा. पिन दाबताना दुसऱ्या हाताने कीपॅड झाका, खोलीत एकटे असलात तरी. चोरांनी लपवलेल्या छोट्या कॅमेऱ्याला माणूस लागत नाही.

मर्यादा न लावणं

बँकेच्या ॲपमध्ये कार्ड चालू-बंद करायची आणि रोजची मर्यादा ठरवायची सोय असते. ती दहा हजारांवर आणून ठेवा. मग कोणी धाक दाखवून मशीनपुढे उभं केलं तरी तुमचं नुकसान तेवढ्यावरच अडतं.

आणि बिघडलंच तर

प्रसंग घडला तर 112, ऑनलाईन फसवणूक असेल तर 1930. कार्ड आधी बंद करा, घरच्यांना फोन नंतर. फसवणुकीची तक्रार बँकेकडे तीन कामकाजाच्या दिवसांत गेली आणि चूक तुमची किंवा बँकेची नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमाप्रमाणे भुर्दंड तुमच्यावर येत नाही. तुम्हीच पिन सांगितला असेल तर मात्र तक्रार होईपर्यंतचा तोटा तुमचा.

पावसात लाईट गेली, नोटा आल्या नाहीत आणि खात्यातून पैसे कापले, हे तर आपल्याकडे नेहमीचंच. व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत. पुढे प्रत्येक दिवसाला 100 रुपये बँकेने द्यायचे. स्लिप आली असेल तर जपा, नसेल तर मशीनचा नंबर आणि वेळ टिपून ठेवा. माझ्या एका परतीला बारा दिवस लागले, आणि वरचे 700 रुपये अर्ज केल्यावरच मिळाले.

काकांच्या ॲपमध्ये मर्यादा मीच त्या रांगेत उभ्या उभ्या लावून दिली. ओटीपी त्यांनी मोठ्याने वाचून दाखवला.