हाफ मॅरेथॉन सहज, पण 25 मीटरला दम? धावणाऱ्यांनी पोहताना या चुका टाळा

मरीन ड्राइव्हवर दोन तास न थांबता धावणारा माणूस जलतरण तलावाची एक फेरी मारून कठड्याला धरून धापा टाकतो. त्याच ग्रुपमध्ये धावताना शेवटी राहणाऱ्या, लहानपणी गावच्या विहिरीत पोहायला शिकलेल्या पन्नाशीच्या ताई मात्र शांतपणे वीस मिनिटे पोहत राहतात. मुंबईतल्या रनिंग ग्रुपने पोहणे सुरू केले की हे चित्र हमखास दिसते. धावणाऱ्याचे हृदय आणि फुप्फुसे उत्तम असतात, त्यात काही कमी नसते. पण पाणी हवेच्या सुमारे 800 पट घन असते. शरीर तिरपे असेल तर वाढवलेला सगळा जोर पाणी ढकलण्यातच जातो. जमिनीवर जास्त मेहनत केली की वेग वाढतो, पाण्यात आधी अडथळा कमी करावा लागतो. पुढच्या बहुतेक चुका हे न समजल्यामुळे होतात.

धावण्याचा वेग पाहून लेन वाटणे

ग्रुपमधले सगळे एकाच बॅचला आले की ‘फास्ट’ मंडळी एका लेनमध्ये आणि नवखी दुसऱ्या लेनमध्ये, अशी वाटणी आपोआप होते, आणि ती चुकते. पहिल्या दिवशी प्रत्येकाला आरामात, जमेल तितके, जास्तीत जास्त 200 मीटर पोहायला सांगा आणि कोण कुठे थांबतो ते पाहा.

25 ते 50 मीटरमध्ये दम लागणाऱ्यांनी अंतर वाढवण्याच्या भानगडीत पडू नये. त्यांच्यासाठी 25 मीटरच्या आठ फेऱ्या, प्रत्येक फेरीनंतर 30 ते 45 सेकंद विश्रांती, आणि निम्मा वेळ उथळ भागात श्वास व तरंगण्याचा सराव. 100 ते 200 मीटरवर थांबणाऱ्यांनी 50 मीटरच्या आठ ते दहा फेऱ्या कराव्यात, मध्ये 20 सेकंद विश्रांती. पहिली आणि शेवटची फेरी साधारण सारख्याच वेळात झाली पाहिजे. शेवटची फार लांबली तर सुरुवात जोरात झाली, हे धावणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

200 मीटर सहज पार करणाऱ्यांनी वेळ लावून एकदा 400 मीटर पोहावे, पूर्ण विश्रांती घ्यावी आणि मग 200 मीटर. दोन्ही वेळांतल्या फरकाला दोनने भागले की 100 मीटरचा सरावाचा वेग मिळतो. 400 मीटरला 10 मिनिटे आणि 200 मीटरला 4 मिनिटे 40 सेकंद लागली, तर फरक 5 मिनिटे 20 सेकंदांचा, म्हणजे वेग 100 मीटरला 2 मिनिटे 40 सेकंद. लेन या आकड्यावरून ठरवावी. एका बाजूने जायचे, दुसऱ्या बाजूने परतायचे, दोघांमध्ये दहा सेकंदांचे अंतर ठेवायचे, आणि मागचा वेगवान असेल तर पुढच्याने कठड्याशी थांबून वाट द्यायची.

पाण्यात श्वास कोंडून ठेवणे

सगळ्यात महत्त्वाची चूक हीच. चेहरा पाण्यात गेला की माणूस नकळत श्वास धरतो. मग तोंड बाहेर आल्यावर अर्ध्या सेकंदात श्वास सोडायचाही असतो आणि घ्यायचाही. सोडणे अर्धवट राहते, आत कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि जीव गुदमरल्यासारखा होतो. ऑक्सिजन पुरेसा असतानाही असे वाटते, म्हणून फिटनेस कितीही असला तरी 25 मीटरला दम लागतो.

उपाय छातीएवढ्या पाण्यात उभे राहून करायचा. डोके पाण्याखाली न्यायचे, नाकातोंडातून बुडबुडे सतत, सावकाश सोडायचे, वर येऊन फक्त श्वास घ्यायचा. असे सलग 20 वेळा, कुठेही दम न लागता जमेपर्यंत. त्यानंतर तीच लय पोहताना ठेवायची. चेहरा पाण्यात आहे तोवर बुडबुडे चालू.

दर तीन हात मारल्यानंतर श्वास घेण्याचा हट्ट नवख्यांनी धरू नये. दर दोन हातांनी, सोयीच्या एकाच बाजूला श्वास घेतला तरी चालतो. दुसरी बाजू नंतर शिकता येते.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका. ‘फुप्फुसांची ताकद’ वाढवण्यासाठी जोरजोरात श्वास घेऊन पाण्याखाली लांब जाण्याच्या पैजा काही जण लावतात. जोरजोरात श्वास घेतल्याने कार्बन डायऑक्साइड घटतो, श्वास घेण्याची इच्छा उशिरा होते आणि त्याआधीच शुद्ध हरपू शकते. उत्तम पोहणाऱ्यांचेही यात जीव गेले आहेत.

मान वर, पाय तळाला

छातीत हवा असते, म्हणून ती तरंगते. धावणाऱ्यांच्या मांड्या-पोटऱ्या स्नायूंनी भरलेल्या आणि चरबी कमी, म्हणून पाय बुडतात. त्यात समोर बघायला मान उचलली की कंबर आणखी खाली जाते. नजर तळाकडे, किंचित पुढे ठेवावी आणि पाण्याची रेघ डोक्याच्या मध्यावर यावी. श्वासासाठी डोके वर उचलायचे नाही, खांद्याबरोबर बाजूला वळवायचे. गॉगलची एक काच पाण्यात राहिली तर वळणे बरोबर झाले. कठड्याला पाय देऊन, दोन्ही हात पुढे ताणून नुसते घसरत जाण्याचा सराव रोज पाच-सहा वेळा केला तर शरीर आडवे ठेवायची सवय लवकर लागते.

गुडघ्यातून लाथा मारणे

धावताना गुडघा वाकतो आणि पाऊल नडगीकडे ओढले जाते. पोहताना याच्या उलट हवे. मांडीपासून हालचाल, गुडघा सैल पण जवळजवळ सरळ, पावले मागे ताणलेली, आणि दोन पावलांमध्ये साधारण एक फुटाचे अंतर. वर्षानुवर्षे धावून घोटा ताठरलेला असतो, पाऊल मागे ताणलेच जात नाही. म्हणूनच किकबोर्ड (हातात धरायची तरंगती फळी) धरून जिवाच्या आकांताने पाय मारणारा धावपटू जागेवरच राहतो, कधी चक्क मागे सरकतो. अशा वेळी जास्त जोर लावणे व्यर्थ आहे. मांड्यांचे मोठे स्नायू ऑक्सिजन खातात आणि वेग देत नाहीत.

धावून आल्यावर, अंग गरम असताना वज्रासनात 30 ते 60 सेकंद, दोन-तीन वेळा बसावे. घोट्याच्या पुढच्या बाजूला ताण जाणवला पाहिजे. गुडघा दुखत असेल तर हे करू नये, खुर्चीवर बसून पाऊल हाताने मागे ताणावे. आखूड फिन्स (पावलांत घालायचे रबरी पंखे) लावून 25 मीटरच्या चार फेऱ्या केल्या तरी पावलाला योग्य कोन कळतो. लांब अंतराला पाय फक्त तोल राखण्यापुरते, प्रत्येक हाताला एक किक, इतके पुरे आहेत.

पोटरीत गोळा येणे हा याच ताणाचा भाऊबंद. रविवारच्या लाँग रननंतर सोमवारी पोहणे चांगले, पण त्या दिवशी किकबोर्ड आणि फिन्स बाजूला ठेवा, कठड्याला जोरात ढकलू नका. गोळा आलाच तर पाठीवर तरंगत कठडा गाठा आणि पायाची बोटे नडगीकडे ओढून धरा. मुंबईत तलावाचे पाणीही उन्हाळ्यात कोमट असते आणि घाम आलेला कळत नाही, म्हणून पाण्याची बाटली कठड्यावर हवीच.

हात भराभर फिरवणे

25 मीटरला 30 हून जास्त हात लागत असतील तर हात पाणी धरत नाही, नुसता निसटतो. हात खांद्याच्या रेषेत पुढे जावा, डोक्यासमोर आडवा येऊ नये. बोटे खाली, कोपर वर ठेवून पाणी मागे ढकलावे. श्वास घेताना पुढचा हात खाली दाबला जातो का, हे मित्राला बाजूने मोबाइलवर चित्रित करायला सांगून पाहा, तलावावर परवानगी असेल तरच. मात्र हातांची संख्या कमी करण्याच्या नादात मध्येच थांबत घसरू नये. वेग तुटला की पुन्हा जोर लावावा लागतो.

आकड्यांची फसगत

सोसायटीचा तलाव 12-15 मीटरचा असतो. तिथे दर काही सेकंदांनी कठडा मिळतो, ढकलण्याने वेग वाढतो आणि विश्रांतीही होते. तिथले 500 मीटर शिवाजी पार्कच्या महापालिकेच्या 50 मीटरच्या तलावात टिकत नाहीत. मनगटावरच्या स्पोर्ट्स घड्याळात तलावाची लांबी बरोबर भरलेली आहे का, ते आधी बघा. नाडीचे आकडेही धावण्याशी जुळवू नका. आडव्या शरीरात आणि पाण्यात नाडी साधारण 10 ठोक्यांनी कमी राहते, शिवाय मनगटावरचा सेन्सर पाण्यात बऱ्याचदा चुकतो.

पुल बॉय (पाय तरंगते ठेवणारा फोमचा तुकडा) मांड्यांमध्ये धरल्यावर एकदम वेग वाढला, तर पाय बुडत असल्याचा तो पुरावा समजा. आनंद मानून रोज तोच वापरला तर मूळ दोष तसाच राहतो.

आठवड्यातून एकदा दीड तास पोहण्यापेक्षा तीनदा 35-40 मिनिटे पोहावे. दमलेल्या हातापायांनी शेवटच्या अर्ध्या तासात घोटली जाते ती चुकीची पद्धत. जानेवारीतली मॅरेथॉन झाली की फेब्रुवारीत शिकायला सुरुवात करा. शाळांना सुट्टी लागली की सार्वजनिक तलावांवर मुलांची गर्दी होते, तोवर पाया पक्का झालेला बरा.

तलावातून थेट समुद्रात

पोहणे, सायकल आणि धावणे एकत्र असलेल्या ट्रायथलॉनच्या ऑलिंपिक अंतरात पोहणे 1500 मीटर असते, आणि तलावात तेवढे जमले की जुहूला उतरायची घाई होते. समुद्रात तळाची रेघ नसते, कठडा नसतो. मुंबईत मोठ्या भरतीच्या दिवशी पाण्याची पातळी चार मीटरहून जास्त बदलते, ओहोटीत ओढ लागते, आणि ऑगस्टच्या सुमारास जुहू-गिरगावच्या किनाऱ्यावर ब्लू बॉटल नावाचे जेलीफिशसारखे जीव येतात. त्यांचा डंख सूज आणि आग दोन्ही देतो. पावसाळ्यात समुद्र वर्ज्यच. एरवीही आधी तलावात मान किंचित उचलून समोर बघत, कठड्याला हात न लावता वळत 400 मीटर पोहून पाहावे. समुद्रात जाल तेव्हा भरतीचे वेळापत्रक पाहून, भडक रंगाची टोपी आणि कमरेला बांधून ओढायचा तरंगता फुगा घेऊन, जाणत्या प्रशिक्षकाच्या व सोबतीच्या होडीच्या नजरेतच उतरा.